आंब्याच्या वासाची बाटली

फार पूर्वी, म्हणजे दुकानात बाटलीतला वास नुकताच मिळू लागला होता तेव्हा, एका स्वयंपाकघराच्या फळीवर आंब्याच्या इसेन्सची बाटली राहायची. घरातले तिचे दोन थेंब दुधात घालायचे आणि ‘वा, आंबा’ म्हणायचे. त्यामुळे आंबा म्हणजे आपणच, अशी तिची पक्की समजूत झाली.

वैशाखात पलंगाखाली पेंढ्यात आंब्यांची आढी लागली. घरभर वास सुटला तशी बाटली फणकारली, “माझी नक्कल करताय होय?”

“असेल बाई,” एक पायरी आंबा हसत म्हणाला.

“त्यातही तुमच्यातला एक गोड, एक आंबट. माझा प्रत्येक थेंब सारखा.”

“तेही खरंच.”

दुसऱ्या दिवशी त्याचा रस झाला आणि कोय परसात पडली. पुढे रिकामी झालेली बाटलीही तिच्याशेजारीच येऊन पडली. मोरीचं पाणी दोघींना सारखंच मिळालं. कोयीला तांबूस कोंब फुटला.

“तुला फारच घाई,” बाटली म्हणाली. “माझाही येईलच.”

आता तिथे मोठं झाड आहे. मातीत रुतलेली बाटली अजून कोंबाची वाट बघते. झाड तिच्यावर सावली धरतं आणि म्हणतं, “येईल बाई, येईल.”