नारोभटाची घटका

फार वर्षांपूर्वी, कोंडसरीच्या खाडीत गलबतं शिडांवर यायची तेव्हाची गोष्ट. गावात नारोभट जोशी होते. कुठली तिथी कुठल्या दिवशी धरायची, श्राद्ध कधी, उपास कधी, हे ते धर्मशास्त्राची पोथी पाहून सांगत. पोथी संस्कृतात, आणि गावात संस्कृत येत होतं फक्त त्यांनाच. म्हणून लोक त्यांना मानत आणि त्यांच्यावर संशयही घेत.

सगळ्यांत जास्त संशय घेतला भिवाजीनं. त्याचा थोरला भाऊ राघोजी गलबतावर गेला तो परतलाच नाही. शास्त्र असं, की बारा वर्षं माणसाची खबर नसली तर पळसाच्या देठांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. मग त्याची बायको विधवा. भिवाजीच्या बायकोची दोन बाळंतपणं वाया गेली होती. भावाचा आत्मा दारात तिष्ठतोय, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

बारा वर्षं भरली तसा तो जोशांकडे गेला. नारोभट म्हणाले, "गेला त्या दिवसापासून मोजायचं नाही. शेवटची खबर आली तिथपासून मोजायचं. तो गेल्यावर दोन वर्षांनी दुसऱ्या गलबतावरच्या एका तांडेलानं त्याला पाहिलं होतं ना?"

भिवाजी आणखी दोन वर्षं थांबला. भाद्रपद आला तर तो निघाला अधिक. "मळमासात हे करता येत नाही," नारोभट म्हणाले. महिना गेला. खरा भाद्रपद आला, वद्य अष्टमी आली, तर ती दोन दिवसांत वाटलेली. नारोभटांनी दुसरा दिवस धरला.

"भटजी, दर वेळी पोथी वहिनीच्याच बाजूनं कशी बोलते?" भिवाजीनं भर देवळात विचारलं. राघोजीची बायको शेवंती खांबाआड उभी होती. लोकांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग जोशांकडे. नारोभटांनी पोथी बासनात गुंडाळली. त्या दिवसापासून गाव कुजबुजायला लागलं.

ठरलेल्या दिवशी सगळे खाडीकाठी जमले. पुतळा दर्भावर निजवला होता, डोक्याच्या जागी नारळ. शेवंती हातातल्या बांगड्या झाकून बसली होती. नारोभट म्हणाले, "अपराह्ण लागायला, दुपार कलायला, एक घटका कमी आहे. घटिकापात्र बुडालं की अग्नी द्या."

घटिकापात्र म्हणजे तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. घंगाळातल्या पाण्यावर सोडली की भरत भरत घटकाभरानं बुडते. भिवाजी पुढे झाला. "मी सोडणार." भोकात मेण भरलंय की काय, म्हणून त्यानं वाटी उन्हात धरली. पलीकडचा सूर्य टिपक्याएवढा दिसला. त्यानं स्वतःच्या हातानं वाटी पाण्यावर ठेवली आणि जोशांना दहा पावलं मागे उभं केलं.

वाटी भरत आली. पाणी काठाला टेकलं आणि तिथंच थांबलं. असं म्हणतात, की त्या वेळी माडांच्या सावल्या सरकायच्या राहिल्या. असं म्हणतात, की भरतीचं पाणीसुद्धा वाळूवर जिथल्या तिथं थबकलं.

"काय करणी केलीत, भटजी?" भिवाजी ओरडला.

"मी हात तरी लावलाय का? तूच सोडलीस वाटी."

तेवढ्यात खाडीच्या तोंडाशी शीड दिसलं. गलबत काठाला लागलं. एक पांढऱ्या दाढीचा, लंगडा माणूस उतरला आणि पुतळ्याकडे पाहून म्हणाला, "कोण गेलं?"

शेवंती उठून उभी राहिली. भिवाजीनं मात्र त्याची वाट अडवली. भटानं कुणाला तरी सोंग करायला आणलंय, असंच त्याला वाटलं. "राघोजी असशील तर सांग. मी माडावरून पडलो तेव्हा तू आईला काय सांगितलं होतंस?"

"वानरानं तुला ढकललं म्हणून सांगितलं, भिवा. तू चढला होतास शेजाऱ्याची शहाळी चोरायला."

भिवाजी वाटेतून बाजूला झाला. त्याच क्षणी वाटी डुब्ब करून बुडाली.

संध्याकाळी तो जोशांच्या ओटीवर गेला. "एवढंच सांगा, पोथीत खरंच तसं होतं?"

"होतं. पण पोथीत एकेका गोष्टीला दोन-दोन मतं असतात, भिवाजी. एक धरावं लागतं."

"मग थांबायचंच का धरलंत?"

"पुतळा काय, उद्याही जाळता आला असता. फोडलेल्या बांगड्या कुठून आणल्या असत्या?"

भिवाजीनं पाय धरले. तरी जाताना वाटी मागून नेली. असं म्हणतात, की म्हातारा होईपर्यंत तो ती घरच्या घंगाळात सोडून बघत राहिला. दर वेळी ती बरोबर घटकाभरात बुडाली.

नारोभट गेल्यावर बाहेरगावच्या शास्त्र्यांनी त्यांची पोथी चाळली. कुणी म्हणालं निर्णय बरोबर होते, कुणी म्हणालं ओढूनताणून लावले होते. तो वाद अजून मिटलेला नाही.

पण कोंडसरीत आजही समुद्रावर हरवलेल्या माणसाचा पुतळा करतात, तेव्हा सगळी तयारी झाल्यावर गाव एक घटका गप्प बसतं. तिला नारोभटाची घटका म्हणतात. जो अग्नी देणार असतो, तो खाडीच्या तोंडाकडे बघत उभा राहतो. पाण्यावर काहीच दिसलं नाही, की मान खाली घालून मागे वळतो. तोवर बाईच्या बांगड्यांना कुणी हात लावत नाही.