म्हाळू परटिणीची हाक

फार वर्षांपूर्वी, कापशी नदीवर दोन राजांची हद्द होती तेव्हाची ही गोष्ट. वरच्या अंगाला शेलवडी, खालच्या अंगाला बोरसंगी. शेलवडीत म्हाळू नावाची परटीण राहायची. नवरा वारलेला, आणि एकुलती लेक चंद्री बोरसंगीला दिलेली.

एका उन्हाळ्यात शेलवडीत पटकी आली. उलट्या-जुलाबांनी माणसं मरू लागली. त्यांची अंथरुणं म्हाळूनं नदीवर धुतली. दुसरं कोण धुणार? शिपायांनी हद्द बंद केली. माणसं थांबली, पण नदी वाहतच राहिली.

चंद्री गेल्याचं म्हाळूला कळलं ते तेराव्यानंतर. शिपायांना न जुमानता ती बोरसंगीत शिरली आणि दारोदार एकच विचारत सुटली, "तुम्ही पाणी कुठलं पिता?" नदीचं पिणाऱ्या घरांत रडारड होती. विहिरीवर भरणारी आळी धडधाकट होती. म्हाळू तडक तिथल्या पाटलाकडे गेली.

"माझ्या हातनं झालं हे," ती पाटलाला म्हणाली.

"बोलू नकोस, बाई. लोक दगड घालतील."

"नाही बोलले तर पुन्हा होईल."

ती चावडीवर सगळं बोलली. दोन्ही गावांनी तिला वाळीत टाकलं.

मग ती माळावर, दगडाच्या जुन्या खाणीपाशी एकटी राहू लागली. आजाऱ्यांचे कपडे लोक लांब ठेवून पळायचे, ती ते भट्टीत उकळायची. असं म्हणतात, त्या भट्टीची वाफ सात गावांतून दिसायची आणि भर दुष्काळातही खाणीतलं पाणी आटलं नाही. कपड्यांवरून तिला साथ सगळ्यांच्या आधी कळायची. मग ती हद्दीच्या टेकाडावर चढून दुसऱ्या गावाला हाक द्यायची, "पटकी आली गं! नदीचं पिऊ नका!" असं म्हणतात, ती हाक बंद दारांतूनही आत जायची. लोक ऐकायचे, विहिरीवर जायचे, जगायचे. उलट हाक मात्र कुणी दिली नाही. ती जरा वेळ तिथंच थांबायची, मग उतरायची. अशी बारा वर्षं गेली.

एकदा तीन दिवस वाफ दिसली नाही. दोन्हीकडची माणसं माळावर गेली. म्हाळू कुठंच नव्हती. धुतलेले कपडे तेवढे घड्या घालून ठेवलेले, घराघराचे वेगळे.

आता राजे नाहीत, हद्द नाही, घरोघरी फोन आहेत. तरी एका गावात साथ आली की त्याच दिवशी कुणीतरी टेकाडावर चढून दुसऱ्या गावाला हाक देतं. बाई असो की बाप्या, उत्तर आल्याशिवाय खाली उतरायचं नाही. आणि पलीकडचं माणूस हातातलं काम टाकून अंगणात येतं, ओरडून म्हणतं, "ऐकलं गं, म्हाळू!"