डबीचं झाकण

डबी कानाशी धरली की आतून बारीक टिकटिक यायची. आत्ता ती आली नाही.

राजुलनं डबी पुन्हा कानाशी नेली. काहीच नाही.

“काय आणलंयस?” माताजींनी विचारलं.

“सोनं,” राजुल म्हणाली.

ओसरीवरच्या बायका खुदखुदल्या.

“घ्या! परवा कानातलं काढून आईकडं धाडलं, अन् आज सोनं घेऊन आली,” पद्माक्का म्हणाली. माताजींच्या आहाराचा चौका, म्हणजे सोवळ्यातला स्वयंपाक, ती सांभाळायची, अन् मधे बोलायचा हक्क तिनं स्वतःच घेऊन ठेवला होता. “कानातलं गेलं, सराफाची डबी तेवढी ठेवली व्हय गं?”

राजुल हसली नाही. तिचं लक्ष टिकटिकीकडे होतं.

चांदटेकावर जैन साध्वी, आर्यिका ऋजुमती माताजींचा चातुर्मास नुकताच संपला होता. अंगावर एक पांढरं लुगडं, एका हातात लाकडी कमंडलू, दुसऱ्या हातात पिच्छी. तेवढाच त्यांचा संसार. पिच्छी म्हणजे मोरपिसांचा जुडगा. मोरानं आपणहून टाकलेली पिसं गोळा करून बांधायचा. बसायच्या आधी त्यानं जागा झाडायची, वाटेतली मुंगी हलकेच बाजूला सारायची. डोळ्यात फिरवला तरी खुपणार नाही इतका तो मऊ.

चातुर्मास सरला की माताजींच्या हाती नवी पिच्छी येते. जुनी ज्याला मिळते, त्यानं सभेत उभं राहून व्रत घ्यायचं असतं.

आज दुपारीच सभा होती. अन् जुनी पिच्छी राजुलनं मागितली होती. लग्न करायचं नाही, सांगलीचं घर सोडायचं, जन्मभर टेकावर राहायचं. आई रडून रडून गप्प झाली होती. माताजी मात्र हो म्हणाल्या नव्हत्या... नाहीही म्हणाल्या नव्हत्या.

कालची गोष्ट. राजुलनंच विषय काढला होता.

“माताजी, तुम्ही मीठसुद्धा सोडलंत. मग हातात हे एवढं रंगीबेरंगी कशाला?”

“तू सांग. शिकलेली तू.”

ती सांगायलाच टपली होती. एम.एस्सी.ला तिनं याच विषयावर काम केलं होतं.

“यात रंग नाहीच मुळी. पीस खलबत्त्यात कुटा, मातकट भुकटी होईल. आत नुसते बारीक थर असतात. त्यांवर उजेड आपटतो, परत फिरतो, अन् आपल्याला निळं दिसतं, हिरवं दिसतं. शिंपल्याच्या पोटात तेच, माशीच्या पंखात तेच, डबक्यावरच्या रॉकेलच्या तवंगातही तेच. सगळं दिसणं आहे, माताजी. असणं काहीच नाही.”

“काहीच नाही?”

“काहीच नाही. म्हणून तर सोडायला सोपं.”

माताजींनी पिच्छी जराशी फिरवली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं तांबूस.

“बरं,” त्या म्हणाल्या. “तुला जे सोडायचंय, ते मला दाखव. उद्या आण.”

...

म्हणून ती डबी.

सकाळी कुंपणावरच्या गारवेलीच्या पानावर राजुलला सोनकिडा दिसला होता. टिकलीएवढा. वितळलेल्या सोन्याचा थेंब सांडावा अन् वर काचेची वाटी पालथी घालावी, तसा. कड आरपार दिसणारी, अन् मधे... ती बघतच राहिली होती. पुस्तकात वाचलेलं समोर चालत होतं. पाठीच्या कवचात ओलसर थर, अन् वर उजेड. सोनं म्हणून काही नाहीच. यापेक्षा चांगला पुरावा कुठला?

तिनं काळजीही घेतली होती. डबीत कोवळं पान घातलं, झाकणाला टाचणीनं भोकं पाडली. मगच झाकण घट्ट फिरवलं.

“उघड की,” पद्माक्का म्हणाली. “डोळं दिपू देत जरा.”

राजुलनं झाकण फिरवून काढलं.

पानावर चिंचोक्याच्या टरफलासारखं काहीतरी पडलं होतं. मळकट तपकिरी. पाय पोटाशी घेतलेले.

क्षणभर तिला वाटलं, कुणीतरी डबी बदलली. तिनं पान उचललं, खाली पाहिलं. सोनं कुठंच नव्हतं.

“अगं बाई...” पद्माक्काचं हसू विरलं. “मेलं की गं ते.”



ज्या टेकावर पाणी दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय तोंडाला लागत नव्हतं, दिवेलागणीनंतर चूल पेटत नव्हती, त्या टेकावर, व्रताच्या दिवशी, व्रत मागणाऱ्या पोरीच्या हातातल्या डबीत एक जीव मरून पडला होता.

“नाही... मी भोकं पाडली होती,” राजुल म्हणाली. “पान ठेवलं होतं. ताजं पान...”

अन् बोलता बोलता तिला ते वाक्य आठवलं. पुस्तकातलंच. जीव गेला की ओल आटते, ओल आटली की सोनं जातं. ते तिला तोंडपाठ होतं. परीक्षेत लिहिलंही होतं.



“माताजी... मी...”

माताजी रागावल्या नाहीत. त्यांनी हात पुढे केला. बायकांना वाटलं, त्या किडा घेतील, काही म्हणतील, प्रायश्चित्त सांगतील.

माताजींनी झाकण उचललं.

नुसतं झाकण. डबी अन् किडा तसाच राजुलच्या हातात ठेवून त्या उठल्या. पिच्छी घेतली, कमंडलू घेतला, झाकण घेतलं, अन् देवळामागच्या खडकाकडे चालू लागल्या. दुपारच्या सामायिकाची, ध्यानाला बसायची वेळ झाली होती.

“झाकण?” पद्माक्का पुटपुटली. “घर सोडल्यापासनं सुई सुदिक जवळ ठेवली न्हाई बाईनं... अन् प्लास्टिकचं झाकण घेऊन गेल्या?”

खडकाच्या सावलीत माताजींनी पिच्छीनं जागा झाडली. पिच्छी उजवीकडे ठेवली, कमंडलू डावीकडे, झाकण समोर. डोळे मिटले.

राजुल मागोमाग धावत आली. थोडं अंतर ठेवून बसली. उघडी डबी दोघींच्या मधे ठेवली.

“माताजी.”

वाऱ्यानं पिच्छीतलं एक पीस हललं. बाकी काही नाही.

“माताजी!”

“गप पोरी!” पद्माक्का देवळाच्या कोपऱ्यावरून दबक्या आवाजात ओरडली. “सामायिकात हाक मारायची नसती. छप्पर कोसळलं तरी ओ द्यायच्या न्हाईत त्या. चल इकडं.”

राजुल उठली नाही. पद्माक्का कपाळाला हात लावून निघून गेली.

आता खडकाजवळ मिटलेले डोळे होते, अन् एक उघडी डबी.

“माताजी, मी खोटं बोलले,” राजुल म्हणाली.

...

“मला काही सोडायचं नाहीये.”

...

“दाराची बेल वाजली ना, तरी माझं काळीज हलतं. कुकरची शिट्टी झाली की हातातलं पडतं. कॉलेजात शिकवायची नोकरी लागलीय. मुलाखतीला एक धडा घ्यायला लावला होता, तर मागं कुणीतरी बाक सरकवलं, अन् मी... मी वाक्यच विसरले. तरी घेतलं त्यांनी. सोमवारी रुजू व्हायचंय. रोज साठ पोरं समोर, माताजी. रोज बाकं सरकणार.”

तिनं पदरानं नाक पुसलं.

“आई म्हणते, सवय होईल. होत नाही सवय. इथं आले अन् पहिल्यांदा शांत झोपले. इथं काही वाजत नाही. कुणी अंगावर येत नाही. पाणीसुद्धा गाळून येतं. मला वाटलं, इथं राहीन. तुम्ही बाहेरून दार लावून घ्याल... अन् मी आत राहीन.”

आपलं हे शेवटचं वाक्य तिनं ऐकलं, अन् ती थांबली.

नजर डबीकडे गेली.

टरफलाच्या पुढच्या टोकाला काहीतरी केसासारखं हललं.

वारा असेल. ती वाकली. पुन्हा हललं. एक मिशी बाहेर आली, मग दुसरी. एक पाय पानावर टेकला.



किडा डबीच्या काठावर चढला. थांबला. मग त्याच्या पाठीच्या कडेला, अगदी कडेला, पिवळट ओल उमटल्यासारखं झालं. ते आत आत सरकत गेलं. मळकट होतं ते तांबूस झालं, तांबूस होतं ते पिवळं, अन् बघता बघता काठावर पुन्हा सोन्याचा थेंब होता.

मेला नव्हता. घाबरला होता.

हे पुस्तकात नव्हतं... की होतं, अन् तिनं तेवढंच वाचायचं सोडलं होतं?

किडा डबीतून उतरला. खडकावरून तुरुतुरु चालत गेला, अन् माताजींच्या पिच्छीवर चढला. मोरपिसाच्या एका डोळ्याच्या मधोमध जाऊन बसला. निळ्यावर सोनं.

तेवढ्यात देवळातली घंटा वाजली. सभेची.

राजुल दचकली. दोन्ही हात छातीशी गेले, खांदे वर आले, डोळे मिटले. नेहमीसारखंच.

डोळे उघडले तेव्हा किड्याचे पायही आत गेले होते. सोनं गढूळ झालं होतं.

“नको,” ती कुजबुजली. “नको ना...”

घंटा वाजतच होती. तिच्या एकेका ठोक्याला राजुलचं अंग शहारत होतं, अन् समोर ती मळकट टिकली पिसाला चिकटून बसली होती. तिच्यावर झाकण नव्हतं. भोवती पानही नव्हतं. वर अख्खं आभाळ होतं.

घंटा थांबली.

मिशी बाहेर आली.

सोनं परत आलं.

राजुलनं किती वेळ रोखून धरलेला श्वास सोडला. मग तिच्या ध्यानात आलं, माताजींचे डोळे उघडे आहेत. केव्हापासून, कुणास ठाऊक. सामायिक सरलं होतं. उठण्यासाठी त्यांनी पिच्छीकडे हात नेला होता, अन् तो हात मधेच थांबला होता.

किड्याला बाजूला सारायचं तर ते पिच्छीनं. अन् किडा तर पिच्छीवरच बसलेला.

माताजी हात तसाच ठेवून बसून राहिल्या.

पद्माक्का लगबगीनं आली. “माताजी, समदी येऊन बसल्यात. नवी पिच्छी घेऊन पाटील उभंच हाईत. चला न्हवं...”

मग तिला पिसावरचा तो थेंब दिसला. तिनं राजुलकडे पाहिलं, रिकाम्या डबीकडे पाहिलं.

“आँ?” ती म्हणाली, अन् होती तिथंच खाली बसली.

तिघी बसून राहिल्या. खाली सभेत कुणीतरी खोकलं. कुणाचं तरी पोर रडलं, त्याला कुणीतरी दटावलं. किड्यानं पिसाची एक काडी चाचपली, दुसरी चाचपली. पाठ मधोमध उकलली, आतून धुरकट पंख निघाले, अन् तो गारवेलीच्या दिशेनं उडून गेला.

पीस थोडं हललं. निळ्याचं हिरवं झालं.

माताजींनी पिच्छी उचलली, कमंडलू उचलला. समोरचं झाकण उचललं. उठल्या, अन् सभेकडे चालू लागल्या.

राजुल उभी राहिली. रिकामी डबी तिच्या हातात होती.

“माताजी!” तिनं हाक मारली. या वेळी आवाज इतका मोठा निघाला की तीच दचकली, अन् पद्माक्काही.

माताजी थांबल्या.

“ओ,” त्या म्हणाल्या. अन् मागं वळून झाकणावरची मूठ घट्ट केली. “पिच्छी माग, देईन. झाकण मागू नकोस.”