राजा नसलेलं स्वप्न

धुक्यात वसलेल्या एका सरोवरकाठच्या नगरीत धवलसेन राजाने दवंडी पिटवली, "ज्याच्या स्वप्नात राजा येत नाही, त्याने नगर सोडावं!"

मग काय, रोज सकाळी दरबारात रीघ लागू लागली. कुणाच्या स्वप्नात राजा चांदण्यातून हत्तीवर बसून येई, तर कुणाच्या स्वप्नात ढगांवरून चालत. राजा खूश होई.

नगरीच्या एका टोकाला बोरूच्या बनात येसू नावाची मुलगी एकटीच राहायची. तिची जीभ तिखट, म्हणून कुणी तिच्या वाटेला जात नसे. एके दिवशी तिलाही बोलावणं आलं.

"काय गं, तुझ्या स्वप्नात काय दिसलं?" राजाने विचारलं.

"पाणी. लांबवर पसरलेलं."

"आणि आम्ही?"

"नाही बाई. एवढ्या घरी जायचं म्हटल्यावर तुम्हाला सवड कुठून मिळणार?"

राजा संतापला. "आजच नगर सोड!"

"सोडते," येसू म्हणाली. त्या बनाखेरीज तिला दुसरं घर नव्हतं. "जाण्याआधी एक विचारू? तुम्हाला काय स्वप्न पडलं?"

राजाची नजर दूर कुठेतरी लागली. "मी बगळा झालो होतो," तो हळूच म्हणाला. "पहाटेच्या पाण्यावरून उडत होतो. ना मुकुट, ना दरबार. कुणी ओळखतही नव्हतं. फार बरं वाटलं."

"म्हणजे राजा तुमच्याही स्वप्नात आला नाही! चला तर महाराज, वेशीपर्यंत सोबत होईल."

राजा पोट धरून हसला आणि त्याने हुकूम मागे घेतला. त्या रात्री सगळी नगरी आपापल्या स्वप्नात निवांत झोपली.