डावा गाल

“सावली अजून गडद करू का, उस्ताद?”

मिरजेच्या जुन्या फोटो स्टुडिओत दस्तगीर उस्ताद स्टुलावर बसले होते. विचारणारा मकरंद, त्यांचा शागीर्द. नुकताच पुण्याच्या प्रदर्शनात पहिला आलेला.

समोर खुर्चीत यमुनाबाई खराडे. मुख्याध्यापिका, आता निवृत्त होणाऱ्या. शाळेच्या कार्यालयात आधीच्या मुख्याध्यापकांचे फोटो होते, सगळे पुरुष. त्यांच्या रांगेत पहिल्यांदाच एका बाईचा फोटो लागणार होता.

बाईंच्या डाव्या गालावर कोडाचे पांढरे डाग होते. शटर पडायच्या क्षणी त्या मान वळवत. सकाळपासूनचे सगळे फोटो वाया गेले होते. आता एकाच फोटोपुरती फिल्म उरली होती.

उस्ताद बाईंकडे बघत होते.

मकरंद हळूच म्हणाला, “ब्लॅक अँड व्हाइटमध्ये जमतं हे. डावी बाजू अंधारात घालतो. डाग दिसणारच नाहीत.”

“आणि बाई?”

“म्हणजे?”

“बाई दिसतील का?”

बाईंनी ऐकलं होतं. त्यांनी पदर गालावर ओढून घेतला…

मकरंदचे कान तापले.

उस्ताद उठले. शटरचा रबरी फुगा मकरंदच्या हातात होता. तो दाबला की फोटो निघे. उस्तादांनी तो काढून घेतला आणि बाईंच्या मुठीत ठेवला.

“तुम्हाला वाटेल तेव्हा दाबा.”

“आणि मी काय करू?” मकरंदनं विचारलं.

“बस.”

तो बसला. ‘हनुवटी थोडी वर’ असं अगदी ओठांवर आलं होतं. त्यानं ते गिळलं. बाईंची नजर जमिनीवर होती. रस्त्यावरून एक टांगा गेला. मग दुसरा…

“मकरंद,” बाई एकदम म्हणाल्या, “तो दिवा इकडे आण. समोर.”

तो धावला. डावा गाल उजळून निघाला. बाईंनी पदर खाली सोडला, पाठ ताठ केली. गोंगाट करणाऱ्या वर्गाच्या दारात उभ्या राहिल्यासारखं त्यांनी थेट भिंगात पाहिलं.

आणि मूठ आवळली.

तासाभरानं मकरंद ओला कागद हातात धरून डार्करूममधून बाहेर आला. बाई बघत राहिल्या. मग इतक्या मोठ्यानं हसल्या की शेजारचा शिंपी डोकावला.

“हीच ती! हिलाच पोरं टरकायची!” त्यांनी डोळे पुसले. “मोठा कर रे. त्या सगळ्यांपेक्षा मोठा.”

बाई गेल्या, त्या भर बाजारातून, पदर खांद्यावर ठेवून.

मकरंद फोटोकडे बघतच होता. इतका चांगला फोटो त्याच्या कॅमेऱ्यातून कधी निघाला नव्हता.

“उस्ताद… फुगा तर त्यांनी दाबला. फोटोखाली नाव कुणाचं घालू?”

उस्ताद दिवे मालवत होते. ते वळले. पहिल्यांदाच त्यांनी शागीर्दाच्या पाठीवर थाप मारली.

“तुझं. ज्यानं काढला नाही, त्याचं.”