हसत भरायचा कर

“कर दुप्पट गोळा व्हायला हवा, आणि भरताना कुणी कुरकुरता कामा नये!” कनकपूरच्या राजा रणधवलाने फर्मान सोडलं. “मुदत आठ दिवस!”

हे काम पडलं अर्थमंत्री त्रिलोचनशास्त्र्यांच्या गळ्यात. शास्त्रीबुवा मोठे अर्थपंडित. करांनी रयत कशी पिचते, यावर त्यांनी सात ग्रंथ लिहिले होते. ग्रंथांची जाडी बघून राजाने त्यांना मंत्री केलं, आणि मंत्री होताच बुवांना साक्षात्कार झाला, की रयत अजून म्हणावी तशी पिचलेलीच नाही! त्यांनी लगेच चूलपट्टी बसवली. चुलीमागे महिना एक रुपया. जो कुरकुरेल त्याची चूल विझवायची. काय ती विद्वत्ता!

पहिली पाळी आली ठकूबाई भडभुंजिणीवर. चुरमुरे-फुटाणे भाजून ती चार पोरं पोसत होती; रुपया आणू कुठनं, एवढंच ती कुरकुरली. शिपाई पाण्याची घागर घेऊन भट्टीपाशी आले, तशी ती तडक दरबारात जाऊन उभी राहिली.

“महाराज, लोक हसत हसत भरतील असा कर मी सांगते. पण माझी भट्टी विझवू नका!”

“वा! माझ्या ग्रंथांत सापडला नाही, तो कर हिच्या टोपलीत सापडणार!” शास्त्रीबुवा खो खो हसले.

“ग्रंथात कसा सापडंल? तुम्ही आमच्या जत्रेला कधी आलाय? देवाच्या पालखीला पहिला खांदा कुणी द्यायचा, त्या मानाचा तिथं लिलाव होतो. आमचा पाटील बायकोला लुगडं घेत नाही, पण खांद्यासाठी पन्नास रुपये मोजतो अन् वर मिशीला पीळ देतो!”

“दरबारात कसली पालखी?” राजाने विचारलं.

“दसरा जवळ आलाय, महाराज. शिलंगणाला तुमच्या हत्तीच्या उजव्या अंगाला कुणी चालायचं, यावरनं दरसाल भांडणं होतात. तो मान लावा की लिलावाला!”

“छे! शहाणा माणूस असल्या गोष्टीला दमडी देणार नाही,” शास्त्रीबुवांनी निकाल दिला.

राजाने तिथल्या तिथे लिलाव पुकारला.

“शंभर मोहरा!” एक सरदार ओरडला.

“दोनशे!” सेनापती गरजले, आणि शास्त्रीबुवांकडे बघून म्हणाले, “पंडितांनी यंदा मागं उंटांबरोबर चालावं.”

“उंटांबरोबर? मी?” बुवा ताडकन उठले. “पाचशे! पाचशे मोहरा!”

सेनापतींनी माघार घेतली. मान आपल्याला मिळाला म्हणून शास्त्रीबुवा खुशीत हसत उपरणं सावरू लागले.

“बघा महाराज, पहिला कर बसला,” ठकूबाई म्हणाली. “अन् भरणारा हसतोय!”

बुवांचं हसू जागच्या जागी थिजलं. राजा मात्र पोट धरधरून हसला. त्याने चूलपट्टी रद्द केली, मिरवणुकीत वाटायचे सगळे चुरमुरे ठकूबाईकडूनच घ्यायचा हुकूम दिला आणि म्हणाला, “आणखी काय हवं ते माग!”

“मला काय नको, महाराज. तेवढ्या पंडितांच्या मोहरा आत्ताच मोजून घ्या. उद्यापर्यंत थांबलात, तर ते अभ्यासाला समिती नेमतील!”