कासवआजी निवडणुकीला निघाली

फार जुनी गोष्ट. ग्रीस देशात अथेन्सजवळ एक टेकडी होती. तिथल्या प्राण्यांना राजा नव्हता. सकाळी हाक आली की सगळे माथ्यावर जमत आणि पाय वर करून काय ते ठरवत. कासवआजी बिचारी पोचेपर्यंत सभा उठलेली असे.

शेवटी ठरलं, की वर्षातून एकदाच सगळ्यांनी वर यायचं आणि रोजच्या सभेसाठी आपापला प्रतिनिधी निवडायचा. पायथ्यातर्फे चंडोल पक्षी निवडून आला.

"बाळा, माझ्या सावलीचं झुडूप तेवढं सांभाळ हो," आजी म्हणाली.

सुरुवातीला चंडोल रोज खाली येऊन विचारपूस करायचा. मग त्याला माथ्यावरचा वारा मानवला. एके दिवशी शेळ्यांनी सभेत ते झुडूप मागितलं आणि दुपारपर्यंत त्याचा फडशा पाडला.

"अरे, तू काय म्हणालास?" आजीनं विचारलं.

"तुझ्या वतीनं हो म्हणालो. तुला कशाला उगाच त्रास!"

आजी रागावली नाही. तिनं टेकडीची वाट धरली.

"आजी, सभा केव्हाच संपली!"

"ठाऊक आहे रे. मी पुढच्या निवडणुकीला निघालेय. आत्ता निघाले तर वेळेवर पोचेन."

चंडोल ओशाळला. तो खाली उतरला, पंख मिटले आणि एकेक गोष्ट विचारत आजीच्या चालीनं चालू लागला.